हँडलवरचे आकडे: किती हवेत, कशासाठी हवेत?

१. आधी प्रश्न नीट विचारू

नवी सायकल ठरते, हेल्मेट आणि कुलूप घेऊन होतं, आणि बिल करण्याआधी गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मीटर लावून घेऊ का? की मोबाइलवर भागेल?" दुकानदाराच्या कपाटात काही शे रुपयांचा, वायरीचा मीटर असतो. त्याच्याच शेजारी चांगल्या सायकलीइतक्या किमतीचा, नकाशा दाखवणारा जीपीएस कॉम्प्युटर असतो. दोन्ही हँडलवरच बसतात, दोन्ही वेग आणि अंतर दाखवतात. मग एवढा फरक कशाचा?

किमतीचा विचार नंतर करू. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: पडद्यावरचा आकडा पाहून सायकलस्वार रस्त्यावर काही वेगळं करणार आहे का? डावीकडे वळेल, चहाचा थांबा आखडता घेईल, चढाच्या सुरुवातीला दम राखून ठेवेल, घरी गेल्यावर चेन बदलेल? जो आकडा असं काही करायला लावतो, तो कामाचा. बाकीचे आकडे हौसेचे. हौस वाईट नाही, पण तिच्यावर किती खर्च करायचा हे ठरवण्यासाठी हे आकडे येतात कुठून आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, ते माहीत असायला हवं.

२. चाक मोजतं तेव्हा

सायकलवर अंतर मोजायची हौस फार जुनी आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं होतं. हार्टफर्ड शहरातल्या कर्टिस व्हीडर यांनी १८९५ मध्ये मुठीत मावेल एवढा सायक्लोमीटर तयार केला. पुढच्या चाकाच्या आऱ्यावर एक खुंटी बसवलेली असे. चाकाचा एक फेरा झाला की ती खुंटी मीटरच्या छोट्या दातेरी चक्रीला एक टिचकी मारत असे. आतली चाकं त्या टिचक्या मोजत आणि मैलांचे आकडे पुढे सरकवत. ना वीज, ना सेल.

आजचा साधा मीटर हेच काम करतो. खुंटीच्या जागी आऱ्यावर लोहचुंबक असतो आणि फोर्कवर एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की सेन्सर एक फेरा नोंदवतो. फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणलं की अंतर मिळतं, आणि दोन फेऱ्यांमधल्या वेळेवरून वेग. ताशी २५ किलोमीटरने जाताना चाक सेकंदाला साधारण ३.३ फेरे घेतं, त्यामुळे ब्रेक दाबताच पडद्यावरचा वेगही लगेच उतरतो.

सगळी भिस्त परिघावर आहे, आणि चूकही बहुतेक वेळा तिथेच होते. ७०० बाय २५ टायरचा परीघ मीटरच्या तक्त्यात २,१०५ मिलिमीटर दिलेला असतो, ७०० बाय २८ चा २,१३६. समजा, एखाद्याने २५ चा टायर काढून २८ चा बसवला आणि मीटरमधला आकडा तसाच राहिला. फरक फेऱ्यामागे फक्त ३१ मिलिमीटर. पण १०० किलोमीटरमध्ये चाक सुमारे ४६,८०० फेरे घेतं, त्यामुळे मीटर ९८.५ किलोमीटरच दाखवतो. २०० किलोमीटरच्या राइडमध्ये तीन किलोमीटर गायब!

उपाय सोपा आहे. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी, सायकलवर बसून कोणाच्या तरी आधाराने सरळ पुढे जावं आणि व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की दुसरी खूण करावी. मधलं अंतर टेपने मोजून तीनने भागायचं. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर थोडा दबतो आणि परीघ कमी होतो. इतकं केलं की तो काही शे रुपयांचा मीटर अंतराच्या बाबतीत महागड्या यंत्रांनाही भारी पडतो. त्याला आकाश दिसावं लागत नाही, झाडी आडवी येत नाही आणि एक सेल कितीतरी महिने पुरतो.

३. आकाशातून मोजताना

जीपीएस कॉम्प्युटर आणि मोबाइल चाकाकडे पाहत नाहीत, ते वर पाहतात. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत 'आत्ता इतके वाजले, मी इथे आहे' असा संदेश पाठवतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र उपग्रहापासूनचं अंतर काढतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. पण यंत्राचं स्वतःचं घड्याळ तेवढं अचूक नसतं. त्यातली एक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकही अंतरात ३०० मीटरचा घोळ घालते. म्हणून घड्याळ सुधारून घ्यायला चौथा उपग्रह लागतो.

ही यंत्रणा अमेरिकी लष्कराची. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे. ती बंद झाली आणि साध्या माणसाच्या हातातलं जीपीएस एकदम कामाचं झालं. आता रशिया, युरोप आणि चीनचे उपग्रह आहेत, भारताची 'नाविक' ही यंत्रणाही आहे, आणि नवी यंत्रं एकाच वेळी अनेकांचं ऐकतात. मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाइल आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो.

पाच मीटर म्हणजे उत्तम! पण ही चूक प्रत्येक नोंदीत नव्याने होते, हे विसरता येत नाही. यंत्र दर सेकंदाला एक ठिपका टाकतं आणि ठिपके सरळ रेषांनी जोडतं. रांगोळीत ठिपके विरळ टाकले तर वळणदार वेलही टोकदार होते, तसं घाटातल्या वळणांचं होतं: उतारावर वेगात घेतलेलं आखूड वळण दोन-तीन ठिपक्यांतच संपतं, रेषा कोपरा कापते आणि अंतर कमी भरतं. उलट सिग्नलला उभ्या सायकलचा ठिपका इकडेतिकडे भटकत राहतो आणि न कापलेले मीटर जमा होतात. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे मुंबईत फोर्टच्या गल्लीतली राइड नकाशावर कधी कधी इमारतीच्या आतून गेलेली दिसते. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की उपग्रह दिसतच नाहीत.

म्हणून दोघे मित्र खांद्याला खांदा लावून दिवसभर फिरले तरी एकाच्या यंत्रात ८०.२ आणि दुसऱ्याच्यात ८१ किलोमीटर येऊ शकतात. कोणाचंही यंत्र बिघडलेलं नसतं.

जीपीएसची खरी ताकद अंतर मोजण्यात नाही, वाट दाखवण्यात आहे. अंतर चाक उत्तम मोजतं. पण अनोळखी तिठ्यावर उजवीकडे की डावीकडे, हे चाकाला सांगता येत नाही.

४. चढ किती चढलो?

खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचलेल्या माणसाला अंतरापेक्षा चढाईचा आकडा जास्त प्रिय असतो. हा आकडा सर्वांत नाजूक असतो.

जीपीएसला उंची नीट कळत नाही, कारण उपग्रह सगळे डोक्याच्या बाजूलाच असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. वर जावं तशी हवा विरळ होते. समुद्रसपाटीच्या आसपास दर आठ मीटर चढल्यावर दाब साधारण एक हेक्टोपास्कलने कमी होतो. खोपोली ते लोणावळा ही साडेपाचशे मीटरच्या आसपासची चढाई दाबात साठेक हेक्टोपास्कलचा फरक पाडते, आणि तो यंत्राला सहज कळतो.

अडचण अशी की दाब फक्त उंचीमुळे बदलत नाही. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरल्यासारखा खालीवर होतो: सकाळी दहाच्या सुमाराला सर्वाधिक, दुपारी चारच्या सुमाराला कमी. हा फरक तीन हेक्टोपास्कलचा धरला तरी पडवीत उभी असलेली सायकल दिवसभरात वीस-पंचवीस मीटर 'चढते'. त्यात पावसाळ्यात सेन्सरच्या बारीक भोकात पाणी गेलं की यंत्र सपाट रस्त्यावरही दऱ्या-डोंगर काढू लागतं. घाटात ही चूक मोठ्या आकड्यात लपून जाते. कोकणच्या किनाऱ्यावर रेवस ते रेड्डी रस्त्याने जाणाऱ्याची मात्र पंचाईत होते. तिथे मोठा चढ क्वचितच, पण खाडी उतरा, टेकडी चढा हे दिवसभर चालतं. किती लहान चढ मोजायचा आणि कोणता सोडायचा, हे प्रत्येक यंत्र आपापल्या गणिताने ठरवतं आणि एकाच रस्त्याचे दोन निराळे आकडे निघतात.

चढाईचा आकडा दुसऱ्याशी भांडण्यासाठी वापरू नये. एकाच यंत्रावरच्या आपल्याच दोन राइडची तुलना करायला तो पुरेसा आहे.

५. सरासरी फसवते कशी

सगळ्यात जास्त पाहिला जाणारा आणि सगळ्यात जास्त गैरसमज करून देणारा आकडा म्हणजे सरासरी वेग.

एक हिशेब पाहू. दहा किलोमीटरचा घाट ताशी दहाच्या वेगाने चढला आणि तोच ताशी चाळीसने उतरला. सरासरी किती? घाईत उत्तर येतं पंचवीस. पण चढायला एक तास लागला आणि उतरायला पंधरा मिनिटं. वीस किलोमीटर सव्वा तासात, म्हणजे सरासरी ताशी सोळा. उतारावर कमावलेला वेग चढावर घालवलेला वेळ भरून काढू शकत नाही. हे समजलं की घाटाच्या दिवसाची सरासरी पाहून खट्टू होणं थांबतं.

दुसरी गंमत थांब्यांची. बहुतेक यंत्रं सायकल थांबली की घड्याळही थांबवतात आणि फक्त चालत्या वेळेची सरासरी दाखवतात. रोजच्या फिरण्यात काही बिघडत नाही. ब्रेव्हे करणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे हवेत.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत, बाहेरच्या मदतीवाचून पूर्ण करायची राइड. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा असा नंबर नसतो. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास मिळतात. मध्ये कंट्रोल म्हणजे नोंदीची ठिकाणं असतात आणि तिथेही वेळेचं बंधन असतं. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनियर्स ही संस्था हे काम पाहते, आणि फ्रान्समधल्या १,२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी पात्र ठरायचं तर या ब्रेव्हे पार कराव्या लागतात.

आता २०० ची ब्रेव्हे घेऊ. चालती सरासरी ताशी २० राहिली तर पेडल मारण्यात दहा तास जातात आणि साडेतीन तास हातात उरतात: मिसळ, चहा, पंक्चर, सावलीत पाठ टेकणं. सरासरी १८ वर आली तर उरतात दोन तास तेवीस मिनिटं. १६ वर आली तर फक्त एक तास. मे महिन्याच्या उन्हात दीडशे किलोमीटर झाल्यावर हा हिशेब डोक्यात करणं अवघड असतं. तेव्हा हँडलवरचा 'एकूण वेळ' आणि 'एकूण अंतर' हे दोन आकडे ठरवतात, जेवायला बसायचं की केळी खिशात टाकून निघायचं. पहिल्या विभागात विचारलेल्या प्रश्नाला इतकं ठोस उत्तर दुसरीकडे क्वचित मिळतं.

६. शरीराचे आकडे

महागडी यंत्रं छातीच्या पट्ट्याकडून हृदयाचे ठोके घेतात, पेडलचे मिनिटाला किती फेरे झाले ते घेतात आणि पॉवर मीटर असला तर वॅटही दाखवतात.

पेडलच्या फेऱ्यांना सायकलवाले कॅडेन्स म्हणतात. जड गिअरवर गुडघे झिजवणाऱ्या नवख्याला हा आकडा थोडे दिवस फार शिकवून जातो. लय अंगात भिनली की त्याची गरज संपते. हृदयाचे ठोके मेहनत सांगतात, पण उशिरा सांगतात, आणि उन्हात किंवा पाणी कमी पडल्यावर तेवढ्याच मेहनतीला ठोके वाढत जातात.

वॅट हा आकडा मात्र खरा हिशेब देतो. पेडलवर किती जोर पडतो आणि ते किती वेगाने फिरतं, यांचा तो गुणाकार. जर्मनीच्या उलरिश शोबरर यांनी १९८६ मध्ये सायकलच्या क्रँकवर बसणारा एसआरएम पॉवर मीटर बनवला, आणि पुढे व्यावसायिक शर्यतींचा सरावच बदलला. समजा, सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन एका तासात ५०० मीटर वर नेलं. निव्वळ उंची गाठायला साधारण १०९ वॅट लागतात. टायरचं घर्षण आणि वारा त्यावर वेगळा. वारा समोरून असो की मागून, वॅट खोटं बोलत नाहीत. पण पॉवर मीटरला बरीच किंमत मोजावी लागते आणि आठवड्याचा सराव आखून, त्यावर वॅटने नजर ठेवणाऱ्यालाच त्याचा उपयोग.

राहिला कॅलरींचा आकडा. पॉवर मीटर नसेल तर यंत्र वजन, वेग आणि ठोके यांवरून अंदाज बांधतं. कोण समोरच्या वाऱ्याशी झुंजत होतं आणि कोण दुसऱ्याच्या आडोशाने आरामात येत होतं, याचा त्याला फारसा पत्ता नसतो. त्या आकड्यावर विसंबून जास्तीची जिलेबी खाऊ नये.

७. मोबाइल आहे ना?

हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेकांसाठी उत्तर 'हो, पुरेल' हेच आहे. उपग्रहांचं ऐकायला मोबाइल सक्षम आहे. पडदा बंद ठेवून तो खिशात टाकला तर चार-पाच तासांची राइड निमूट नोंदवतो.

अडचण तो हँडलवर लावल्यावर सुरू होते. उन्हात वाचता यावा म्हणून पडदा पूर्ण उजळ ठेवावा लागतो आणि बॅटरी झरझर उतरते. पावसाचे थेंब पडद्यावर बोटांसारखे वागतात. वैशाखाच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. सतत बसणाऱ्या हादऱ्यांचाही विचार करायला हवा: मोठ्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, अशी सूचना खुद्द अॅपलनेच २०२१ मध्ये दिली होती. सायकलला इंजिन नसलं तरी आपल्या रस्त्यांना खड्डे आहेत. आणि शेवटची, सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रात्री घाटात पडझड झाली तर मदतीला बोलावायचं साधन तोच फोन असतो. वाट दाखवण्यात त्याची बॅटरी संपवणं शहाणपणाचं नाही.

सायकल कॉम्प्युटरची रचना नेमकी याच्या उलट आहे. त्याचा पडदा उन्हाच्या प्रकाशातच चांगला दिसतो, हातमोजे घालून बटणं दाबता येतात, पाऊस सोसतो आणि बॅटरी दिवसभर टिकते. लांब, अनोळखी आणि पावसाळी वाटेवर ही चैन नाही, गरज आहे.

८. आकडा आणि आनंद

'मोजल्यामुळे माणूस जास्त सायकल चालवतो' असं विक्रेते सांगतात. अर्धी गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एट्किन यांनी २०१६ मध्ये प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. चित्रं रंगवणं, चालणं, वाचणं अशी आवडीची कामं काहींनी मोजत केली, काहींनी न मोजता. मोजणाऱ्यांनी काम जास्त केलं, पण त्यांना आनंद कमी मिळाला. आवडीची गोष्ट मोजायला लागलं की ती कामासारखी वाटू लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ मोजू नये असा नाही. मोजायचं आणि सतत बघत राहायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅकवरचा एका तासाचा विश्वविक्रम घ्या. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापलं. त्याची प्रत्येक फेरी सेकंदाच्या अंशापर्यंत मोजली जात होती, पण ट्रॅकच्या नियमांप्रमाणे स्वाराला दिसेल असा आकड्यांचा पडदा सायकलवर ठेवता येत नाही. बाहेर उभा असलेला प्रशिक्षक सांगेल तेवढंच त्याला कळतं. जगातला सर्वांत काटेकोर मोजलेला तास हँडलवर एकही आकडा न पाहता पार पडतो!

साध्या स्वारालाही हे जमतं. बहुतेक यंत्रांमध्ये पडद्यावर काय दिसावं हे निवडता येतं. वेग काढून तिथे फक्त नकाशा किंवा घड्याळ ठेवावं. सिंहगडाच्या चढावर 'ताशी ७' असा आकडा कोणाच्याही मदतीला येत नाही. दऱ्या बघत, श्वास सांभाळत चढावं. नोंद घरी गेल्यावर बघता येते.

९. आपली वाट कोणाकोणाला दिसते?

जीपीएसची नोंद म्हणजे तारीख-वेळेसकट काढलेला रोजच्या आयुष्याचा नकाशा असतो. स्ट्राव्हा या लोकप्रिय अॅपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या नोंदी एकत्र करून उजळ रेषांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आलं की अफगाणिस्तान, सीरियासारख्या देशांतले लष्करी तळ त्यावर चमकत आहेत. सैनिक तिथे व्यायामाला धावत होते आणि घड्याळं ते नोंदवत होती.

घराच्या बाबतीत तेच घडतं. रोज पहाटे साडेपाचला एकाच फाटकातून निघणारी रेषा घराचा पत्ता, बाहेर पडायची वेळ आणि सायकल ठेवायची जागा, सगळं सांगते. एकट्याने फिरणाऱ्या मुली-बायकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. अशा अॅपमध्ये राइडची सुरुवात आणि शेवट झाकायची, तसंच नोंद फक्त ओळखीच्यांना दाखवायची सोय असते. पहिली राइड चढवण्याआधी ती लावून घ्यावी.

१०. कोणी काय घ्यावं

रोज घर ते कचेरी जाणाऱ्याला वाट पाठ असते आणि वेग सिग्नल ठरवतात. त्याच्या उपयोगाचा आकडा एकच, एकूण किलोमीटर. तेल कधी द्यायचं, चेन तपासायला कधी टाकायची, टायर किती चालला, हे त्यावरून कळतं. त्याला वायरीचा मीटर पुरेसा आहे. शाळकरी मुलांनाही तोच द्यावा. फेरे, परीघ आणि वेग यांचं गणित त्यांना त्यातून सहज उमगतं.

रविवारी मित्रांबरोबर पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्यांनी काहीही विकत घेऊ नये. मोबाइल खिशात टाकून नोंद करावी. ब्रेव्हे करणारे, रात्री चालवणारे, अनोळखी मुलखात एकट्याने भटकणारे यांनी मात्र वाट दाखवणारा जीपीएस कॉम्प्युटर जरूर घ्यावा आणि सोबत चाकाचा सेन्सरही जोडावा. मग बोगद्यातही अंतर तुटत नाही आणि राइडपत्रिकेवर '८७.४ किलोमीटरला डावीकडे' असं लिहिलेलं असेल तर ते वळण चुकत नाही.

निर्णय होत नसेल त्यांनी महिनाभर मोबाइलवर नोंदी कराव्यात आणि महिन्याअखेर पाहावं, की कोणत्या आकड्यासाठी आपण अॅप पुन्हा उघडत होतो आणि राइड चालू असताना तो दिसायला हवा होता का. एकदाही उघडलं नसेल, तर ते पैसे चांगल्या टायरवर आणि पुढच्या दिव्यावर खर्च करावेत.